नेट बदललं आणि घरचा कॉम्प्युटर चालेना: कुठून सुरू करायचं, काय अजिबात दाबायचं नाही

तांब्याच्या वायरीवरचं जुनं ब्रॉडबँड काढून फायबर घेतलं की पहिल्याच संध्याकाळी फोन सुरू होतात, आणि तक्रारी ठरलेल्या असतात. मोबाईलवर चालतंय पण कॉम्प्युटरवर नाही, कालपर्यंत प्रिंट निघत होती आज निघत नाही, शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी माजघरात व्हिडिओ अडकतोय. मी पोचेपर्यंत घरात कोणीतरी तीन गोष्टी करून बसलेलं असतं: डब्याच्या (फायबर ज्यात येते ते नवीन यंत्र, जुन्या मोडेमच्या जागचं) मागचं बारीक भोक टाचणीने दाबलेलं, कॉम्प्युटरमधून काहीतरी अनइन्स्टॉल केलेलं, आणि जुना राऊटर नव्या डब्याला जमेल तसा जोडलेला. मूळ अडचण पाच मिनिटांची असते, वर ही तीन नवीन, मग दिवस गेलाच.

म्हणून क्रम सांगतो, तो सोडू नका. बाहेरून आत यायचं. आधी घरात येणारी फायबर, मग डबा, मग केबल, मग कॉम्प्युटर, आणि वायफाय, प्रिंटर, कॅमेरे सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर काय झालं ते बघायचं, नाहीतर कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं हे कधीच कळत नाही.

१. माणूस जोडायला यायच्या आधी

निम्मं काम इथे आहे आणि हेच कोणी करत नाही.

जुन्या मोडेमच्या मागच्या वायरींचा मोबाईलने एक फोटो काढा. जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहा, स्पेलिंग आणि लहान-मोठी अक्षरं जशी आहेत तशी, ते पुढे सोन्यासारखं उपयोगी पडतं. त्या वायफायवर काय काय चालतं ते लिहा: कॉम्प्युटर, प्रिंटर, टीव्ही, बागेतला नाहीतर गेटवरचा कॅमेरा, मुंबईहून येणाऱ्यांचे लॅपटॉप. जुनं कनेक्शन कंपनीला सांगून लगेच बंद करू नका, आठवडाभर दोन्ही असू देत.

आता डब्याची जागा. केबल ओढणारा मुलगा पोलवरून वायर आणतो ती सरळ पडवीच्या खिडकीतून आत घेतो आणि तिथेच खिळा मारून डबा लावतो, कारण त्याला तेच सोपं. आपलं कोकणातलं घर चिऱ्याचं. जांभा दगडाची जाड भिंत, त्यात तो दगड सच्छिद्र, पावसाळ्यात ओल धरून बसतो, आणि ओल्या भिंतीतून वायफाय नीट जात नाही. पडवीतला डबा अशा दोन भिंती ओलांडून मागच्या खोलीपर्यंत पोचणारच नाही. त्याला आधीच सांगा की वायर माजघरापर्यंत आण, घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, लोखंडी कपाट आणि फ्रिजपासून लांब. वायर थोडी जास्त लागते, तिचे वेगळे पैसे मागितले तरी द्या, नंतर दुसरा राऊटर घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. कॉम्प्युटर एकाच जागी असेल तर डब्यापासून तिथपर्यंत लॅन केबल त्याच वेळी टाकून घ्या, कॅट-५ई किंवा कॅट-६.

बाहेरची वायर माडाच्या झावळीखाली येत नाही ना, तेही त्याच्याबरोबर फिरून बघा. झावळ पडली की वायर तुटते, आणि जिथे वानरं येतात तिथे ती वायरीवरून झोके घेतात, म्हणून शक्य तिथे भिंतीच्या कडेने पाइपातून घ्यायला सांगा.

तो जायच्या आधी चार गोष्टी लिहून घ्या:
- कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड (हे वायफायचे नव्हेत, कंपनीकडे लॉगिन होतं ते)
- व्हीलॅन नंबर (लॉगिनबरोबर डब्यात भरलेला कंपनीचा आकडा), असेल तर
- डब्याच्या आत जायचा अ‍ॅडमिन पासवर्ड
- त्याच्या पॉवर मीटरवरचा (फायबरमधून येणारा उजेड मोजायचं यंत्र) आकडा. उणे १५ ते उणे २५ च्या मधे असला तर ठीक. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल पण पहिल्या जोरदार पावसात तुटत राहील, जॉइंट परत करून घ्या.

तपासणी: तो उभा असतानाच कॉम्प्युटर केबलने जोडून एक साईट उघडून बघा. मोबाईलवर बघून त्याला सोडू नका.

२. डब्यावरचे दिवे वाचा

कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी डब्यासमोर उभं राहा. पॉन लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर पाहिजे, लुकलुकत असेल तर डबा अजून कंपनीशी जोडला जातोय, पाचेक मिनिटं थांबा. एलओएस लिहिलेला दिवा बंद पाहिजे. तो लाल झाला म्हणजे फायबरमधून उजेड येतच नाही, आणि अशा वेळी कॉम्प्युटरमध्ये काहीही केलं तरी उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा. तोपर्यंत एवढंच बघा की पातळ वायर कपाटामागे दुमडली नाही ना, कोणी तिचं बारीक वेटोळं करून खिळ्याला अडकवलं नाही ना. फायबर काचेची असते, जास्त वाकली की उजेड गळतो. वेटोळं करायचंच तर पंजा पसरल्यावर जेवढा होतो तेवढं मोठं ठेवा.

सावधान: फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. टोकाला बोटही लावू नका, हाताचं तेल लागलं की सिग्नल कमी होतो. टोकाचं टोपण हिरवं असेल तर ते हिरव्यातच जातं, निळ्यात जबरदस्ती करायची नाही.

आणि ते टाचणीचं भोक. यावर मी पुन्हा पुन्हा बोलतो. ते रिसेट म्हणजे बंद करून चालू करणं नव्हे. पाच-दहा सेकंद दाबून धरलं की डब्यात भरलेलं युजरनेम, व्हीलॅन, सगळं पुसलं जातं आणि डबा कारखान्यातून आला तसा होतो. आमच्या वाडीत एका काकांनी श्रावणात असं केलं, पाऊस धो धो, लाईन बघणारा माणूस चार दिवस येऊ शकला नाही, आणि मूळ अडचण काय होती तर लॅन केबल अर्धवट बसलेली. ती टक् आवाज होईपर्यंत आत सरकवली असती तर चार दिवस वाचले असते. डबा बंद-चालू करायचा तर बटणाने किंवा प्लग काढून करा, तीस सेकंद थांबा, परत लावा.

३. जुना मोडेम बंद करा, पूर्ण

आत्याकडे कॉम्प्युटरवर वायफाय कनेक्टेड दिसत होतं, पट्ट्या पूर्ण, खाली लिहिलेलं नो इंटरनेट. एक मुलगा येऊन ड्रायव्हर बदलून गेला, दुसऱ्याने विंडोज परत टाकायला सांगितलं. मी गेलो तर टीव्हीच्या मागे जुना मोडेम अजून चालू, दिवा लुकलुकतोय, त्याची टेलिफोन लाईन केव्हाच बंद झालेली. मोडेम वायफाय तर देतच होता, आणि कॉम्प्युटरला जुनं नाव पाठ असल्याने तो इमानाने त्यालाच जाऊन चिकटत होता. प्लग काढला, नवीन नाव निवडलं, झालं.

तर जुन्या मोडेमचा प्लग काढा, त्याच्या वायरी काढून बाजूला ठेवा. टेलिफोनची बारीक पिन लॅनच्या खाचेत ढिली का होईना पण जाते, आणि घाईत लोक तीच कॉम्प्युटरला लावतात. तिने नेट येणार नाहीच, वर खाचेतल्या तारा वाकतात.

४. केबलने तपासा, वायफाय नंतर

डब्याच्या लॅन-१ मधून केबल कॉम्प्युटरला. दोन्ही बाजूंना टक् आवाज, कॉम्प्युटरच्या खाचेजवळचा बारीक दिवा लागला पाहिजे. समुद्राकाठच्या घरांत, मालवण म्हणा, हर्णै म्हणा, खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर येतो, विशेषतः खाच वर्षभर रिकामी असेल तर. केबल चार-पाच वेळा आत-बाहेर केली की बऱ्याचदा चालू होते, नाहीच झाली तर दुसरी केबल लावून बघा.

आता मोबाईलबद्दल. मोबाईलवर चालतंय हा पुरावा नाही, कारण वायफाय मेलेलं असलं की तो गुपचूप स्वतःच्या डेटावर जातो. मोबाईल डेटा बंद करा आणि मग बघा.

५. अडलंय कुठे ते शोधा

कॉम्प्युटरवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. इंग्रजीत आयपीकॉन्फिग सलग लिहून एंटर मारा. दोन ओळी बघायच्या, आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे. गेटवे म्हणजे तुमचा डबा, बहुतेक १९२.१६८.१.१ सारखं काहीतरी. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला डब्याकडून पत्ता मिळालाच नाही, परत चौथ्या टप्प्यावर जा, केबल आणि खाच बघा.

पत्ता मिळालाय? मग तीन वेळा पिंग करा (म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघणं), या क्रमाने. पिंग लिहून पुढे गेटवेचा आकडा. मग पिंग ८.८.८.८ (घराबाहेरचा, गूगलचा सर्व्हर). मग पिंग आणि गूगलचा पत्ता, डॉट कॉमसकट.

- पहिलंच अडलं: गडबड घरात आहे, केबल, डबा किंवा कॉम्प्युटर.
- पहिलं गेलं, दुसरं अडलं: डब्यापर्यंत ठीक, पुढे कंपनीकडे लॉगिन झालेलं नाही. डब्यावरचा इंटरनेटचा दिवा बघा आणि फोन करा.
- दोन्ही गेले, तिसरं अडलं: नेट आलंय, फक्त नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस बिघडलंय. पुढचा टप्पा त्यासाठीच.
- तिन्ही गेले तरी साईट उघडत नाही: प्रॉक्सी (मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमार्फत नेट वापरायची सेटिंग), अँटीव्हायरस किंवा घड्याळ.

हे तीन पिंग करायला दोन मिनिटं लागतात आणि तक्रार करताना नेमकं काय सांगायचं ते कळतं. नेट चालत नाही म्हटलं की समोरचा पहिल्यापासून सुरू करतो, पण गेटवे पिंग होतोय, आठ-आठ-आठ-आठ होत नाही, असं सांगितलं की तो लगेच लाईन बघतो.

६. कॉम्प्युटरमधल्या जुन्या सेटिंग्ज काढा

जुन्या कनेक्शनसाठी कोणीतरी कधीतरी भरलेलं काहीतरी आत राहिलेलं असतं, मालकालाही ते आठवत नाही.

डेस्कटॉपवर ब्रॉडबँड कनेक्शन नावाचं आयकॉन आहे का, ज्यावर रोज क्लिक करून युजरनेम टाकून नेट सुरू करायचात? आता ते काम डबा स्वतः करतो. सवयीने क्लिक केलंत तर एरर ६५१ येतो आणि लोक घाबरतात. ते आयकॉन काढून टाका, आणि सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, डायल-अप, तिथूनही रिमूव्ह करा.

मग तिथेच इथरनेटवर क्लिक करून आयपी असाइनमेंट बघा. मॅन्युअल असेल तर ऑटोमॅटिक (डीएचसीपी, म्हणजे पत्ते डबाच वाटतो) करा. डीएनएस पण ऑटोमॅटिक. पूर्वी जुन्या कंपनीचे डीएनएस आकडे हाताने भरलेले असतात, आणि बरेच डीएनएस सर्व्हर बाहेरच्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला उत्तर देत नाहीत, त्यामुळे पिंग आठ-आठ होतो पण साईट एकही उघडत नाही. वायफायवर चालवायचं असेल तर वायफायचंही हेच वेगळं करावं लागतं, इथरनेटचं केलं म्हणजे दोन्हीचं झालं असं नाही.

प्रॉक्सी: नेटवर्क अँड इंटरनेटमध्येच प्रॉक्सीवर जाऊन मॅन्युअल प्रॉक्सी बंद.

घड्याळ: खाली कोपऱ्यात तारीख बघा. मे महिन्यात बंद करून ठेवलेला कॉम्प्युटर गणपतीत उघडला, आतला बटणासारखा सेल (सीआर२०३२, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो) संपलेला असेल तर तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते, आणि मग प्रत्येक साईट सुरक्षित नाही म्हणून अडवते. नेटचा यात काही दोष नसतो. तारीख नीट करा, सेल बदला.

एवढं करूनही नाही, तर शेवटचा उपाय नेटवर्क रिसेट, तो कॉम्प्युटरमधला, डब्याचा नव्हे. अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये असतो. सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, लिहून ठेवलेत ना? हे करायच्या आधी ड्रायव्हर, विंडोज, काहीही काढायचं नाही.

तपासणी: केबलवर तिन्ही पिंग गेले आणि एक साईट उघडली, तरच पुढे.

७. वायफाय

पहिल्या टप्प्यात लिहिलेलं जुनं नाव आणि पासवर्ड आता काढा. नव्या डब्याच्या पानावर (ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकून अ‍ॅडमिन पासवर्डने उघडतं ते) तेच नाव, तोच पासवर्ड दिलात तर घरातलं जवळजवळ सगळं आपोआप जोडलं जातं, प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा, कशातही शिरायला लागत नाही. फक्त जुना पासवर्ड अख्ख्या वाडीला माहीत असेल तर हे करू नका, नवीन द्या आणि एकेक जोडा.

कॉम्प्युटरला नवीन नाव दिसतच नसेल तर बहुतेक त्याचा वायफाय जुना आहे, विशेषतः मागे खोचलेला छोटा यूएसबी वायफाय, तो २.४ गिगाहर्ट्झच ओळखतो आणि डबा फक्त ५ वर चालू असेल. डब्याच्या पानावर २.४ चालू करा, चॅनल १, ६ किंवा ११. नाव दिसतं पण पासवर्ड बरोबर असूनही जोडत नाही, तर सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ वरून डब्ल्यूपीए२ वर आणा.

आपल्या घरांत ५ एकाच खोलीसाठी चांगलं, भिंत आली की २.४ बरं. माजघराच्या पलीकडे ५ च्या मागे लागू नका.

८. जुना राऊटर वापरायचाय तर

मागच्या दारी किंवा माडीवर रेंज नाही म्हणून जुना राऊटर जोडतात, हरकत नाही, पण जोडायची रीत आहे. तशीच केबल खोचली तर दोन्ही डबे स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात, दोन्ही पत्ते वाटायला लागतात, आणि नेट कधी आहे कधी नाही असं होतं, जो शोधायला सगळ्यात त्रासदायक बिघाड.

आधी जुना राऊटर एकटाच कॉम्प्युटरला जोडा, फायबरचा डबा बाजूला. त्याच्या पानावर अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत केबल लावा. नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (तुमच्या डब्याचा गेटवे वेगळ्या आकड्यांचा असेल तर त्याच्याशी जुळता), मग डीएचसीपी बंद करा, सेव्ह करा. मगच फायबरच्या डब्याच्या लॅनमधून केबल आणून राऊटरच्या लॅनमध्ये लावा, वॅन लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या खाचेत नाही. क्रम उलटा केलात, आधी डीएचसीपी बंद आणि मग पत्ता, तर मधेच त्याच्या पानावर परत जाता येत नाही.

९. प्रिंटर आणि कॅमेरे

प्रिंटर ऑफलाइन दाखवत असेल तर प्रिंटरच्या स्वतःच्या पडद्यावरून नवीन वायफाय द्या, मग कॉम्प्युटरमधून जुना प्रिंटर काढून परत जोडा, कारण त्याचा पत्ता बदललेला असतो. आणि नवीन नेटवर्कला विंडोजने पब्लिक म्हणून नोंदवलं असेल तर शेअर केलेला प्रिंटर दिसत नाही, ते प्रायव्हेट करा.

कॅमेऱ्याचं वेगळं आहे. मुंबईत बसून गावच्या बागेतला कॅमेरा दिसायचा, आता दिसत नाही, पण घरातल्या घरात दिसतो, अशी तक्रार असेल तर डब्याच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (डब्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधे असेल तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच घरांना वाटून दिलाय, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत यायची वाट डब्यात उघडून देणं) कितीही केलं तरी चालणार नाही. डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) क्यूआर कोड स्कॅन करून कॅमेऱ्याच्या कंपनीच्या अ‍ॅपमधून बघा, किंवा नेट कंपनीकडून वेगळा स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता) विकत घ्या.

१०. स्पीड कमी येतोय म्हणायच्या आधी

केबलवर मोजा. १०० एमबीपीएस म्हणजे डाउनलोडमध्ये सेकंदाला साधारण १२ एमबी, एवढं दिसलं तर प्लॅन पूर्ण मिळतोय. तीनशेचा प्लॅन आणि बरोबर ९४-९५ वर अडकतंय, तर केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागल्यात किंवा कॉम्प्युटरची खाच शंभरचीच आहे, इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड लिहिलेला असतो. शिवाय मधले दिवस मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मीटर्ड (डेटा जपून वापरायची विंडोजची सेटिंग) लावून काढले असतील तर अडकलेले सगळे अपडेट पहिल्या रात्री एकदम उतरतात, त्या रात्री मोजू नका.

डब्याचा अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, नाहीतर लाईट गेली की नेटही जाईल. आणि मेअखेरीस नाहीतर ऑक्टोबरात गडगडायला लागलं की डब्याचा प्लग आणि कॉम्प्युटरकडे जाणारी लॅन केबल दोन्ही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण प्लगमधून येते आणि डब्यातून लॅन केबलने कॉम्प्युटरच्या बोर्डापर्यंत जाते.

आठवडा नीट गेला की जुनं कनेक्शन लेखी बंद करा, मोडेम परत द्यायचा असेल तर पावती घ्या, आणि पहिल्या टप्प्यातला तो कागद, युजरनेम, व्हीलॅन, पॉवरचा आकडा लिहिलेला, डब्याशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.